अर्थ मिळत नाही

डिसेंबरात उसाला तोड आली आणि त्याच आठवड्यात आमच्या ट्रॅक्टरनं सेल्फ घेणं सोडलं. पहाटे माझा धाकटा मुलगा चावी फिरवायचा, खालून एक ‘टक’ असा आवाज यायचा आणि पुढं सगळं शांत. हॉर्न दाबला तर घसा बसलेल्या रेड्यासारखा. मग टोळीतल्या चार गड्यांना हाका मारायच्या, ट्रॅक्टर ढकलत मारुतीच्या देवळाजवळच्या उतारापर्यंत न्यायचा आणि गिअरात सोडून चालू करायचा. तोडणीवाल्यांना कोयता खाली ठेवून ट्रॅक्टर ढकलायला लावणं बरं दिसत नाही. त्यांचा दिवस टनावर चालतो. चौथ्या दिवशी त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, “मालक, आता ह्याच्या म्होरं बी एक बैलजोडी जुपा.”

एकदा चालू झाला की मात्र दिवसभर तक्रार नाही. ही डिझेल इंजिनाची लबाडी. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते, वीज संपली की गाडी जागेवर बसते. डिझेलला ठिणगी नको. आत हवा दाबून दाबून इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटतो, आणि जुन्या ट्रॅक्टरचा तो फवारा मारणारा पंपही नुसता दातेरी चाकांवर चालतो. त्यामुळं चार्जिंग बंद पडलंय ही गोष्ट ट्रॅक्टर दिवसभर पोटात ठेवतो. संध्याकाळी फडात दिवे लावल्यावर थोडी चाहूल लागते, आणि खरं काय ते दुसऱ्या पहाटे कळतं, थंडीत, माणसं खोळंबलेली असताना.

ट्रॅक्टर बी-२७५. आमच्या पलूस भागातल्या जुन्या लोकांना नुसतं ‘दोनशे पंच्याहत्तर’ म्हटलं तरी पुरतं. हे मॉडेल मूळचं इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी केली आणि ते आपल्याकडं आलं. पस्तीस हॉर्सपॉवर. वडिलांनी, म्हणजे आबांनी, आमचा १९८१ साली भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतला. कर्ज फिटेपर्यंत माझं बी.एड., बहिणीचं लग्न आणि एक विहीर, एवढं सगळं त्यानंच ओढलं. आईच्या हिशेबात तो तिचा चौथा मुलगा, आणि सगळ्यात खर्चिक.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली, तेव्हा आबांनी तो २००५च्या पुराच्या खुणेच्या वर नेऊन लावला होता. त्या खुणेवर गावाचा विश्वास. शाळेच्या भिंतीवर तेलरंगानं मारलेली रेघ. पाणी रेघ ओलांडून पुढं गेलं. ओसरल्यावर जाऊन बघतो तर सीटवर चार बोटं गाळ आणि एअर क्लीनरच्या भांड्यात मेलेला खेकडा. तासगाव रोडवर दुकान असलेल्या चाचांनी तेव्हा बॅटरी भरणारा डायनामो खोलून, धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून परत बसवला. इंजिन चालू झालं, पण डायनामो काही देईना. चाचा म्हणाले, “विसरलाय त्यो.” मला वाटलं, चेष्टा करतायत. पण डायनामोला सुरुवात करायला थोडं जुनं चुंबकत्व लागतं. ते आतल्या लोखंडात मुरलेलं असतं. त्याच्या जोरावर आधी चिमूटभर वीज होते, ती फील्डच्या गुंडाळीत जाऊन चुंबक वाढवते, चुंबक वाढला की आणखी वीज. विरजणाचाच प्रकार. विरजण मेलं की दूध कितीही हलवा, दही लागत नाही. चाचांनी एफ लिहिलेल्या टर्मिनलची तार सोडली, बॅटरीची जिवंत तार तिथं क्षणभर टेकवली, बारीक ठिणगी उडाली आणि पुढच्या वेळी डायनामोनं वीज धरली. तेव्हापासून चार-पाच वर्षं त्यानं एकदाही त्रास दिला नव्हता. हे मुद्दाम सांगतोय. पुरातून वाचलेली वस्तू कोरड्यात मेली, आणि ती कुणी मारली ते पुढं येईलच.

मी निवृत्त झालो गेल्या वर्षी. बत्तीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं, राहायला सांगलीत, शनिवार-रविवार गावी. निवृत्तीचा पैसा आणि रिकामा वेळ एकाच महिन्यात हातात आले की माणूस काहीतरी रंगवायला काढतो. मी ट्रॅक्टर काढला. खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची ती नव्या अंगानं व्हावी, असं मनात आलं. पेंटरला सांगितलं, पैसे लागतील ते घे, पण इंचभरही जागा सोडायची नाही. त्यानं शब्द पाळला. पत्रे काढले, डबे काढले, गंज घासला, प्रायमर मारला, वर लाल रंगाचे दोन हात. दसऱ्याला झेंडूची माळ घातलेला ट्रॅक्टर बघून शेजारपाजारचे लोक थांबून विचारायचे, नवा घेतला का?

आबांना मात्र तो आवडला नाही. आबा ब्याऐंशीचे. डोळ्यांनी कमी दिसतं, पण रंग दिसतो. शेवग्याखालच्या बाकड्यावर बसून त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, “नवरीगत केलासा की रं त्येला.” आणि त्या दिवसापासून ट्रॅक्टरला काही झालं की, टायर पंक्चर झाला तरी, “रंग दिलासा आणि वाटुळं केलंसा.” म्हाताऱ्या माणसाचं एक वाक्य ठरून जातं. आम्ही ते ऐकायचं सोडून दिलं.

सेल्फ बंद पडल्यावर घरात आणि पारावर निदानं सुरू झाली. शेजारच्या अप्पांच्या मते दोष टेपचा. धाकट्यानं दोन मोठे स्पीकर लावलेत हे खरं आहे. आमच्याकडं ऊस ओढणारा ट्रॅक्टर मुका असला तर ड्रायव्हरला चुकल्यासारखं होतं, आणि तो ट्रॅक्टर कुणाचा येतोय हे गाण्यावरून दोन शेतं आधी कळतं. पण पोरानं टेप आठवडाभर बंद ठेवला तरी पहाटेचा ‘टक’ गेला नाही. पुतण्याचं म्हणणं, डायनामो भंगारात घाला आणि अल्टरनेटर बसवा, आता कोण वापरतंय डायनामो? हे काही अगदी चुकीचं नाही. डायनामो फार तर वीस-बावीस अँपिअर देतो, आणि इंजिन हळू चालत असेल तर तेवढंही नाही. अल्टरनेटर हळू चालीवरही पुरेसं देतो. पण आबांनी ‘निगताना हाय तसा निगला पायजे’ म्हटल्यावर तो विषय मिटला.

धाकट्यानं आधी बॅटरी धरली. सगळे तेच करतात, कारण बॅटरी विकत मिळते. जुनी बॅटरी दुकानात नेऊन रात्रभर चार्जिंगला लावली, तर सकाळी ती ठणठणीत. दुकानातल्या पोरानं काचेच्या नळीनं सहाही खान्यांचं पाणी ओढून बघितलं, आतला तरंगता सहाही ठिकाणी सारखाच वर आला. एखादा खाना मेलेला असता तर तिथं तो बुडाला असता. तरी आम्ही नवी बॅटरी घेतली. साडेसहा हजार. नवी बॅटरी चार दिवस चालली आणि पाचव्या पहाटे ‘टक’.

मग फॅन बेल्ट. अंगठ्यानं दाबला तर अर्धा इंच दबायला हवा, तो इंचभर दबत होता. ताणला. फरक शून्य. मग डायनामो उतरवून गावातल्याच एका मिस्त्रीकडं नेला. त्यानं कार्बन बदलले, तांब्याचा घेर बारीक काचपेपरनं साफ केला, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या भेगा हॅक्सॉच्या पात्यानं कोरून काढल्या. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो. एवढीशी कोरणी, पण तिच्यात माझ्या शाळेतल्या सुंदर अक्षर स्पर्धेला लाजवील असं काम. शेवटी त्यानं डायनामोच्या दोन्ही टर्मिनलांना बॅटरी जोडली, आणि डायनामो टेबलावर मोटरसारखा गरगर फिरायला लागला. वीज देऊन फिरतोय तर फिरवल्यावर वीज देणारच. “डायनामो एक नंबर हाय सर,” तो म्हणाला. आणि खरंच होता.

राहिला रेग्युलेटरचा डबा. हा काळा डबा जुन्या ट्रॅक्टरवर डॅशबोर्डच्या मागं पत्र्याला आवळलेला असतो आणि तो आत काय करतो हे विचारायची सहसा कुणी तसदी घेत नाही. मी पहिल्यांदाच झाकण काढलं. आत दोन गुंडाळ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एक पत्र्याची जीभ. एक कट-आऊट. त्याला विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह समजा. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा जास्त झाला, साधारण तेरा व्होल्टला, की हा चिकटतो आणि वाट मोकळी करतो. इंजिन बंद झालं की सुटतो, म्हणजे बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होत नाही. दुसरा रेग्युलेटर. हा पाटकरी, पाटाचं पाणी सोडणारा-अडवणारा. डायनामोला मोकळं सोडलं तर तो वेगाबरोबर वाढतच जातो, वीस व्होल्ट, तीस व्होल्ट. पाटकरी त्याच्या फील्डचं पाणी सेकंदाला कितीतरी वेळा बंद-चालू करून त्याला आवरून धरतो. असा डबा नवा आणला, तरी काटा हलेना. धाकटा दुकानदाराला म्हणाला, माल डुप्लिकेट आहे. दुकानदारानं बिचाऱ्यानं तोंड पाडून बदलून दिला. तोही तसाच. त्या दुकानदाराची माफी मागायची अजून राहिलीय.

आता काट्याबद्दल. आमच्याकडं काटा म्हटलं की आधी कारखान्याचा वजनकाटा आठवतो आणि त्याबरोबर चार शिव्या. पण आबांचा काटा वेगळा. डॅशबोर्डावर एक गोल अँपिअर मीटर आहे, मधे शून्य, एका बाजूला प्लस, दुसऱ्या बाजूला मायनस. बॅटरीत वीज जात असेल तर काटा प्लसला, बॅटरीतून निघत असेल तर मायनसला. धाकट्याचा समज असा की काटा मधे उभा आहे म्हणजे सगळं ठीक. आणि दिवाळीपासून काटा बहुतेक मधेच होता! दिवसा दिवे नाहीत, म्हणजे बॅटरीतून फारसं काही जात नाही, आणि डायनामोकडून काही येतही नाही. ना जमा, ना खर्च. काटा मधे.

आबा ट्रॅक्टर चालवायचे तेव्हा त्यांची एक सवय होती. सेल्फ मारल्यावर लगेच गिअर टाकायचे नाहीत. बिडी पेटवायचे आणि काट्याकडं बघत बसायचे. सेल्फ एका दमात दोनशे-तीनशे अँपिअर खाऊन जातो, तेवढी भूक बॅटरीला लागते. मग काटा जाऊन प्लसला टेकतो, आणि बॅटरी भरत आली की हळूहळू, बिडी संपेपर्यंत, मध्याकडं सरकतो. “पोट भरलं, की मधी येतो,” असं ते म्हणायचे. म्हणजे मधला काटा दोन गोष्टी सांगतो, पोट भरलंय, किंवा ताटात कुणी वाढलंच नाही. कुठली खरी, हे तो मधे कुठून आला त्यावर ठरतं. एका शब्दाचे दोन अर्थ, ओळीवरून ओळखा, हे मी बत्तीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून देत होतो आणि घरचा काटा मला वाचता आला नाही.

शेवटी चाचांना बोलावलं. आधीच का नाही बोलावलं? कारण ते आता दुकानात रोज बसत नाहीत, पोरगं बघतं, आणि त्यांना गावापर्यंत आणायचं म्हणजे मोटरसायकलवर मागं धरून बसवायचं. त्यांचे वडील किर्लोस्करवाडीला कारखान्यात मोल्डर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर तो कारखाना मांडला, लोखंडी नांगर ओतायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून आमच्या भागात दर चार घरांत एक माणूस असा की ज्याला लोखंडाशी बोलता येतं. चाचा त्यांतले. फक्त त्यांनी लोखंड सोडून तांबं धरलं.

आल्याआल्या त्यांनी पाना मागितला नाही, चहा मागितला. आबांशेजारी बाकड्यावर टेकले. दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग आबांनी ठरलेलं गाऱ्हाणं काढलं, “ह्या मास्तरनं रंग दिला आणि वाटुळं केलं बघा.”

मी हसलो. चाचा हसले नाहीत. बशी तोंडाशी नेता नेता थांबले.

“रंग कवा दिला?”

“दसऱ्याला.”

“आणि चार्जिंग कवा गेलं?”

“दिवाळी झाली आणि,” धाकटा म्हणाला. “आधी कधी घ्यायचा, कधी न्हाई. मग बंदच.”

चाचांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. “चला.”

पुढचा पाऊण तास मी अंगणात उभा राहून जे बघितलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणून हा सगळा खटाटोप. चाचांकडं शर्टाच्या खिशात मावेल एवढं डिजिटल मीटर, दोन तारा, एक चिमटा आणि लांब अशी एक जादाची वायर. बास.

आधी बॅटरी. बंद ट्रॅक्टरवर १२.१ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६च्या पुढं दाखवते. म्हणजे ही अर्ध्याच्या खाली. ढकलून चालू केला, मध्यम रेस ठेवली, पुन्हा बघितलं. १२.१. “चौदाच्या आसपास पायजे हुतं,” चाचा माझ्याकडं बघून म्हणाले, म्हणजे वर्गातल्या एकाच पोराकडं बघून मास्तर बोलतो तसं.

मग त्यांनी डब्यावरून डी, म्हणजे डायनामोच्या विजेची, आणि एफ, म्हणजे फील्डची, अशा दोन तारा सोडल्या, दोन्हींची टोकं एकत्र पिळली आणि मीटरची लाल सुई त्यांना लावली, काळी सुई डायनामोच्या अंगाला. धाकट्याला म्हणाले, “हळूहळू उचल. रेस करू नगंस, आतली गुंडाळी जळंल.” मीटरवर आकडे चढायला लागले. ४. ९. १४. १८. “बास, बास. उतर.” डायनामो चांगला, आणि डायनामोपासून डब्यापर्यंतच्या तारापण चांगल्या. म्हणजे कार्बन, काचपेपर, कोरणी, सगळं आम्ही निरोग्याला औषध दिलं होतं.

तारा परत जागेवर. आता डब्यावरच मीटर. बॅटरीकडं जाणाऱ्या ए टर्मिनलवर १२.१, ढिम्म. आणि डीवर, रेस थोडी वाढवली तर, २६.

चाचांनी मीटर माझ्यापुढं धरलं. “बघा सर. फूट व्हॉल्व्ह उघडंना, म्हणून बॅटरीला थेंब न्हाई. आणि पाटकरी झोपलाय, म्हणून डायनामो सव्वीसला चाललाय. सोळाच्या वर जायाला नगं त्येनं.” फूट व्हॉल्व्ह आणि पाटकरी हे शब्द त्यांचेच, मी वर ते उसने घेतलेत. “आता दोघंबी एकदम कसं मरतील? आणि डबा तर नवा हाय म्हणता. दोन येळा नवा.”

मला काही सुचलं नाही. आबा बाकड्यावरून काहीतरी पुटपुटले, त्यात ‘रंग’ एवढा शब्द कळला.

“दोघांचं जेवण एका ताटात हाय,” चाचा म्हणाले. “हितं.” आणि त्यांनी लाल सुई ई लिहिलेल्या टर्मिनलवर ठेवली. काळी सुई अजून डायनामोच्या अंगालाच होती. “ई म्हंजे अर्थ. हितं किती पायजे?”

“शून्य,” मी म्हणालो. एवढं विज्ञान मलाही येतं. दोन्ही गुंडाळ्यांत शिरलेली वीज ईमधून बाहेर पडून ट्रॅक्टरच्या अंगात जायची, तिथून परत डायनामोत. परतीची वाट. जिथून माघारी जायचं तिथं दाब शून्यच असणार.

मीटरवर २६ होते.

“ह्येला अर्थच मिळंना झालाय,” चाचा म्हणाले.

माझ्या मास्तरी कानाला ते वाक्य असं काही लागलं की मी मोठ्यानं हसलो, आणि मग मला ते कुणाला समजावून सांगता येईना. धाकट्याला वाटलं, सापडला दोष म्हणून हसतोय. कॉपी तपासताना किती वेळा लिहिलंय, ‘अर्थ लागत नाही, वाक्य पुन्हा लिहा.’ शब्द सगळे जागेवर, एकेकटा तपासला तर बरोबर, व्याकरणही सुटलेलं नाही, आणि तरी वाक्य काही बोलत नाही. बॅटरी, डायनामो, डबा, तिन्ही दुकानातल्या टेबलावर पास झाले होते.

चाचांनी इंजिन जरा खाली घ्यायला लावलं, ती जादाची वायर घेतली, एक टोक ईला धरलं, दुसरं टोक डायनामोच्या अंगावर, जिथं रंग खरवडलेला होता तिथं टेकवलं. डब्यात ‘टक’ झालं. पहाटेच्या त्या ‘टक’चाच जुळा भाऊ, पण त्यानंतर शांतता नव्हती. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला, डायनामोवर ओझं आलं म्हणून. आणि काटा प्लसला जाऊन पंधरावर उभा राहिला. वायर उचलली, काटा मधे. टेकवली, प्लस. चाचांनी तीनदा करून दाखवलं. धाकट्याचं तोंड बघण्यासारखं होतं. त्याला नव्या बॅटरीचे ते साडेसहा हजार आठवत असावेत.

पुढचं काम म्हणजे डबा सोडणे. दोन बोल्ट. डब्याखाली, पत्र्यावर, ईपासून निघणाऱ्या वीतभर वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाची कडी, ज्या बोल्टखाली दाबलेलं होतं तिथं, माझा लाल रंग. तुकतुकीत, जाड, दोन हात. खाली प्रायमर. बोल्टचं डोकंही रंगवलेलं, वॉशरही रंगवलेला, थिंबलची अर्धी बाजूही. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून जेमतेम कुठंतरी लोखंडाला लोखंड टेकत असणार, म्हणून दसरा ते दिवाळी कसंबसं चाललं. मग फडातले हादरे, धूळ, थोडा गंज, आणि तेवढंही सुटलं. पेंटरचा यात काडीचा दोष नाही. इंचभरही जागा सोडू नको, हे त्याला मी सांगितलं होतं, आणि तो माझं ऐकणारा पहिला माणूस निघाला.

चाचांनी हॅक्सॉचं तुटकं पातं माझ्या हातात दिलं. “तुमीच खरवडा.” दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा. आधी लाल भुगा पडला, मग करडा, मग खालचं लोखंड दिसायला लागलं. पॉलिश पेपरनं घासलं तेव्हा ते चमकलं; त्या सगळ्या ट्रॅक्टरमध्ये खरं लोखंड दिसत असलेली तेवढीच एक जागा. थिंबल साफ केलं, दातेरी वॉशर घातला, आवळलं, वरून ग्रीस फासलं म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. पत्र्याच्या भरवशावर राहायला नको म्हणून चाचांनी ईपासून डायनामोच्या अंगापर्यंत एक वेगळी वायरही ओढून दिली. मग मीटर. ईवर शून्य. डीवर पंधराच्या आत, जास्त रेस केली तरी तिथंच. पाटकरी जागा झाला होता. बॅटरीवर हळूहळू १३, १३.६, १४.

तीनशे रुपये घेतले त्यांनी. आईनं आधीच्या खर्चाचा आकडा चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचला आणि मग चाचांना दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. जेवताना पुतण्यानं अल्टरनेटरचा विषय पुन्हा काढला. चाचा म्हणाले, बसव की, चांगलाच असतोय. पण ह्या रंगावर बसवला असतास तर त्यो पण असाच रुसला असता, आणि त्याचे पैसे मोठे.

संध्याकाळी चाचांना सोडून धाकटा परत आला. मारुतीच्या उताराला न नेता, अंगणातच, मी चावी फिरवली. सेल्फ एका दमात. दिवे लावले, ते पांढरे पडले, शेवग्याची पानं सुद्धा मोजता येतील असे. आबा बाकड्यावर होते. त्यांना उजेड कळला असणार, कारण त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मी त्यांना सांगणार होतो की तुम्ही दोन महिने खरं सांगत होता. पण सरळ कबुली द्यायची आमच्या घरात पद्धत नाही. नुसतं म्हणालो, “आबा, थोडा रंग काढला.”

“थोडाच?”

इंजिन चालू ठेवून मी काट्याकडं बघत बसलो. दिवे बंद केले. त्यांच्यासारखी बिडी नव्हती, म्हणून आकडे मोजले. साडेतीनशेपर्यंत मोजले असतील.

“काटा कुटं हाय?” आबांनी विचारलं.

“मधे आला.”

“आदी प्लसला गेला हुता न्हवं?”

“गेला होता.”

“मग बंद कर की. डिझेल काय फुकट येतंय?”